वाळूच्या गोळ्या करणारा छोटा खेकडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात फिरायला आलेली माणसं पुळणीवरचे फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, "हे काय आहे?" त्यात सुट्ट्या लागल्या की शाळेच्या प्रोजेक्टवाल्या पोरांच्या आया. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्नांना नंबर दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसरीकडे पाठवता येईल.

१. ओहोटीला पुळणीवर सगळीकडे बारीक बारीक वाळूच्या गोळ्या दिसतात, त्या कोण करतं?

एक छोटा खेकडा. छोटा म्हणजे पाठ जेमतेम एक सेंटिमीटर, काही तर त्याहून बारीक, आणि रंग असा की वाळूवर बसला की वाळूच. समुद्र मागे सरला की तो बिळातून वर येतो, ओल्या वाळूतलं खायचं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. एकेक खेकडा एका ओहोटीत शेकडो गोळ्या टाकतो आणि चांगल्या पुळणीवर असे हजारो खेकडे असतात, म्हणून दोन तासांत अख्खा किनारा भरलेला दिसतो. पुढची भरती आली की सगळं साफ आणि परत कोरी पाटी.

२. म्हणजे ही खेकड्याची शी आहे का? मुलं हातात घेऊन खेळतायत.

नाही हो. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ही वाळू त्याच्या पोटात गेलेलीच नसते, तोंडातून धुवून बाहेर आलेली असते. म्हणजे आजूबाजूच्या वाळूपेक्षा ती उलट थोडी स्वच्छच म्हणायची. मुलांना खुशाल खेळू द्या, फक्त बिळात काड्या घालू देऊ नका.

३. मग तो खातो तरी काय? वाळूत काय असतं खायला?

आपल्याला वाळू म्हणजे नुसते दगडाचे कण वाटतात, पण ओल्या वाळूच्या कणांवर सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणूंचा थर असतो, मध्ये डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, आणि दर भरतीला समुद्रातून कुजका काडीकचरा येऊन बसतो तो वेगळाच. हे त्याचं जेवण.

ते वेगळं काढायची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. दोन्ही नांग्यांनी एकाआड एक पटापट वाळू उचलून तोंडात, तोंडाच्या झडपांच्या आत बारीक केस असतात आणि तिथे तो कल्ल्यांच्या कप्प्यातलं पाणी सोडतो, त्या पाण्यात हलकं ते वर तरंगतं आणि वाळूचे जड कण खाली बसतात, हलकं गिळायचं आणि जड बाहेर ढकलायचं. जवळ पोटावर झोपून बघितलंत तर तोंडासमोर एक ओलसर गोळी फुगत जाताना दिसते, पुरेशी मोठी झाली की तो नांगीने ती तोडतो, अंगाखालून पायांमधून मागे सरकवतो आणि लगेच पुढचा घास. हे सगळं इतक्या झटपट चालतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला गोळी कुठून आली तेच कळत नाही, दोन-चार गोळ्या होईपर्यंत थांबावं लागतं.

पाणी संपलं की काम बंद. म्हणून त्याला ओलीच वाळू लागते, आणि पायांच्या मुळाशी केसांचे झुबके असतात त्यांनी तो वाळूतली ओल वर ओढून घेतो.

४. पण इतकी रांगोळीसारखी नक्षी कशी काय येते? ठरवून काढतो का?

ठरवून वगैरे काही नाही, भीतीपोटी येते. हा खेकडा बिळापासून फार लांब जात नाही. बिळाच्या तोंडापासून सरळ रेषेत बाहेर खात जातो, जरा वेळाने मागे फिरतो आणि शेजारून दुसरी रेष धरतो. गोळ्या टाकताना बिळाकडे परतायची वाट मोकळी ठेवतो, कारण पक्ष्याची सावली पडली की त्याच वाटेने सुसाट आत जायचं असतं आणि वाटेत आपल्याच गोळ्या आडव्या आल्या तर संपलं. त्यामुळे मधे भोक, भोवती किरणांसारख्या मोकळ्या पट्ट्या आणि पट्ट्यांच्या मधे गोळ्या, अशी नक्षी आपोआप तयार होते. वाळू उघडी पडून बराच वेळ झाला असेल तर पूर्ण गोल दिसतो, नुकतीच पडली असेल तर एखादीच पाकळी. गोलावरून ओहोटी किती जुनी आहे याचा अंदाज येतो.

५. बघायला कधी यायचं? आम्ही शनिवार-रविवारच येऊ शकतो.

वार बघू नका, तिथी बघा. जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात आणि मुंबई-रायगडकडे ते बरंच बरोबर येतं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, तिथून सहा तास पुढे नाहीतर मागे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला सहाला भरती आणि भर दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती म्हणजे ओहोटी पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला, उजेड कमी.

त्यामुळे तृतीया ते सप्तमीत येऊन सकाळी निवांत बघा, किंवा द्वादशी ते चतुर्दशीला या आणि दुपारी तीन-चारनंतर बघा. शुद्ध असो की वद्य, फरक नाही. पूर्ण सुकती लागायच्या तासभर आधी पोचा. दुपारी बाराची ओहोटी मी टाळायला सांगेन, तुमचे पाय भाजतात ते सोडाच पण वरची वाळू कडक सुकली की खेकडेही आत जाऊन बसतात.

६. हे गणित रत्नागिरी-सिंधुदुर्गात चुकतं का? आमचं चुकलं.

थोडं चुकतं. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी येते, रत्नागिरीलाही आधीच. साधारण तासभर अलीकडे धरा. शिवाय पाण्याची चढउतार दक्षिणेकडे कमी होत जाते, त्यामुळे तारकर्लीला पाणी मुंबईसारखं मैलभर मागे गेलेलं दिसणार नाही, निराश होऊ नका. आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कुठेच पाणी फार वर येत नाही नि फार खालीही जात नाही. अगदी नेमकी वेळ हवी असेल तर मोबाईलवर भरती-ओहोटीचं कोष्टक मिळतं, त्यात जवळचं बंदर निवडा.

७. वेळ बरोबर होती, गोळ्या होत्या, भोकं होती, पण खेकडा एकही नाही. का?

तुम्हीच कारण. त्याचे डोळे देठावर असतात आणि हालचाल त्याला लांबूनच दिसते, पावलांची धडधड वाळूतून कळते ती वेगळी. तुम्ही चालत जाताना तुमच्या पुढे पुढे पुळण रिकामी होत जाते आणि तुम्हाला वाटतं इथे कोणीच नाही. एका जागी बसा, सावली बिळांवर पडणार नाही असं बसा आणि हलू नका, पाच-दहा मिनिटांत आधी डोळे वर येतात, मग अर्धा खेकडा, मग काम चालू. फोनवर शूट करायचं असेल तर फोन वाळूत उभा रोवून रेकॉर्डिंग चालू करा आणि तुम्ही लांब जाऊन बसा. त्याने फार छान येतं.

८. भरती आली की तो बुडून मरत नाही का?

नाही, पण पोहत पण नाही. पाणी जवळ आलं की आत जातो, वरून वाळूने तोंड बंद करतो आणि आत हवेचा कप्पा धरून बसतो. वरून भरतीचं पाणी असतं आणि हा खाली कोरड्या हवेत. मग ओहोटी लागली, वाळू उघडी पडली की थोड्या वेळात नवीन तोंड करून वर.

श्वासाची गंमत वेगळीच आहे. याच्या पायांच्या मांड्यांवर पातळ पापुद्र्याच्या लंबगोल खिडक्या असतात. आधी अभ्यासकांना वाटायचं की हे कान आहेत. १९८६ साली नेचर या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दाखवलं गेलं की या खिडक्यांतून खेकडा हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणजे चक्क पायांनी श्वास. साधं भिंग असेल तर बाजूने बघताना पायावर त्या चकत्या दिसू शकतात.

९. याचं नाव काय? प्रोजेक्टमध्ये काय लिहू?

इंग्रजीत सँड बबलर क्रॅब. डोटिला आणि स्कोपिमेरा अशा दोन वंशांतल्या खेकड्यांना मिळून हे नाव आहे आणि दोघांचं कुळ डोटिलिडे. हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांतच्या उष्ण किनाऱ्यांवर यांच्या बऱ्याच जाती आहेत. फोटो बघून नेमकी जात सांगा असं कोणी म्हणालं तर मी सांगत नाही, जात ओळखायला पाठीवरच्या खाचा, पोटाची घडी, पाय असं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. कुळाच्या नावापर्यंत लिहा, गुरुजी खूश होतील. गावात याला वेगळं नाव कोणी फारसं घेत नाही, "ते बारके खेकडे" एवढंच, कारण खाण्याच्या कामाचे नाहीत (प्रश्न १५).

१०. हे त्या पळणाऱ्या मोठ्या पांढऱ्या खेकड्याचं पिल्लू तर नाही ना?

नाही, तो घोस्ट क्रॅब, वेगळ्या कुळातला. त्याची बिळं पुळणीच्या वरच्या, कोरड्या भागात, पार मर्यादवेलीपर्यंत असतात, तोंड मोठं असतं आणि खोली हाताला लागत नाही इतकी. तो संध्याकाळी-रात्री जास्त फिरतो आणि मेलेली मासळी, कासवाची अंडी-पिल्लं, सापडेल ते खातो, हे आपले बारके खेकडेसुद्धा. आपला गोळीवाला ओल्या पट्ट्यात राहतो, बीळ बोटभर ते वीतभर, आणि मुख्यतः दिवसाच्या ओहोटीला काम करतो. खाडीच्या चिखलात एक नांगी भलीमोठी असलेला दिसला तर तो फिडलर क्रॅब, तो तिसराच. तोही छोट्या गोळ्या टाकतो, म्हणून गोंधळ होतो.

११. नर-मादी कसे ओळखायचे? पिल्लं कधी दिसतात?

सगळ्या खेकड्यांसारखंच, उलटा करून पोटाखालची घडी बघायची. नराची अरुंद टोकदार, मादीची रुंद गोलाकार, बाजारात चिंबोरी घेताना कोळीण दाखवते तेच. पण एवढ्याशा जिवाला त्यासाठी पकडू नका. लांबून बघितलं तर कधीकधी नांग्या वर उचलून कवायत करणारे दिसतात, ते नर.

मादी अंडी त्या घडीखाली घेऊन फिरते आणि फुटायच्या वेळी पिल्लं पाण्यात सोडते. ती पिल्लं खेकड्यासारखी दिसतच नाहीत, काटेरी, पारदर्शक, प्लवकासारखी तरंगणारी असतात, बऱ्याचदा कात टाकत टाकत वाढतात आणि मग किनाऱ्याला येऊन खेकड्याचं रूप घेतात. म्हणजे आज तुमच्या पायाशी असलेला खेकडा याच गावचा असेल असं नाही, शेजारच्या खाडीकडून वाहत आलेलाही असू शकतो.

१२. एका किनाऱ्यावर ढीगभर आणि डोंगराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर एकही नाही, असं का?

वाळू. याला बारीक वाळू लागते, जी ओल धरून ठेवते आणि तोंडात मावते. जिथे पुळण सपाट, लांब आणि लाटा मऊ, तिथे बारीक वाळू बसते. जिथे उतार उभा आणि लाट थेट आपटते तिथे जाड खरखरीत वाळू, त्यात शिंपल्यांचा चुरा, तिथे हा नाही. खडकाळ किनाऱ्याचा तर प्रश्नच नाही. खाडीच्या मुखाशी आडोशाला असलेला सपाट पट्टा मिळाला तर आधी तिथे शोधा. चिखल जास्त झाला तरी नको असतो त्याला, मग तिथे फिडलर.

१३. पावसात गेलो होतो, काहीच नव्हतं. मरतात का पावसाळ्यात?

बघायला मिळत नाहीत म्हणून मेले असं नाही. जून ते सप्टेंबर लाटा पुळण खणून वाळू आत ओढून नेतात, किनाऱ्याचा सगळा आकारच बदलतो, आणि वरून पाऊस लागला की केलेली गोळी मिनिटात विरते. गणपतीनंतर वाळू हळूहळू परत यायला लागते, किनारा भरतो. खास यांच्यासाठीच यायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च बरा.

१४. यांना खातं कोण?

बरेच जण. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे चिखले आणि तुतवार पुळणीवर तुरुतुरु पळत, थांबत, टोच मारत असतात ते बऱ्याचदा यांच्यासाठीच. बगळे, कावळे आहेतच. घोस्ट क्रॅब वर सांगितला. पाय तुटला तर पुढच्या काती टाकताना हळूहळू नवीन येतो, त्यामुळे एक पाय छोटा असलेला खेकडा दिसला तर तो कोणाच्या तरी तावडीतून सुटलेला समजा.

१५. याचं सार होतं का? (हसू नका, खरंच विचारतोय.)

हसलो. एक सेंटिमीटरच्या खेकड्यात काय मिळणार, नुसतं कवच. कुर्ल्यांचं सार खायचं असेल तर खाडीतली चिंबोरी घ्या, हातात घेऊन जड लागते ती भरलेली, हलकी लागते ती बहुतेक नुकतीच कात टाकलेली आणि आतून पाणचट.

१६. मुलाने बाटलीत दोन-तीन भरून आणलेत, फिशटँकमध्ये जगतील का?

नाही जगणार. गोड्या पाण्यात तर लगेच संपतील आणि खारं पाणी दिलं तरी त्याला रोज दोनदा बदलणारी वाळू लागते. एकदा गाळून झालेल्या वाळूत परत खायला काही नसतं, समुद्र ती दर भरतीला भरून देतो, तुमचा टँक देणार नाही. अजून किनाऱ्याजवळ असाल तर आत्ताच परत नेऊन ओल्या वाळूवर सोडा, पाण्यात फेकू नका. सोडलात की तो स्वतः गोल गोल फिरत वाळूत शिरतो आणि मुलाला तेच बाटलीपेक्षा जास्त आवडेल.

१७. पुळणीवर गाडी घातली तर काय बिघडतं? खेकडे तर आत असतात.

आत असतात, पण किती आत? वीतभर. ओल्या वाळूवरून गाडी गेली की बीळ दाबलं जातं, हवेचा कप्पा जातो आणि जो वर खात होता तो तर गेलाच. शिवाय चाकाने घट्ट झालेली वाळू उकरायला एवढ्याशा जिवाला जड. माणूस चालला तर एवढं होत नाही, निवांत चाला.

भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सगळ्यात जपायच्या वर्गात येतो, २०१९ च्या अधिसूचनेत त्याला सीआरझेड एक-ब म्हणतात. पण नियम सोडा, दर सुट्टीला कोणाची तरी गाडी भरतीत रुतते, मग ट्रॅक्टर शोधा, दोर शोधा, गावातली माणसं जेवणावरून उठून ढकलायला येतात आणि मालक वर विचारतो की इथे बोर्ड का नाही लावला. बोर्ड असतो. त्याच्या शेजारूनच गाडी खाली उतरते.

१८. शाळेच्या प्रोजेक्टला करता येईल असं काही सोपं सांगा.

सुतळी आणि चार काठ्या घ्या. ओल्या पट्ट्यात एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा आणि आतली भोकं मोजा. मग पाण्याच्या दिशेने दहा-दहा पावलांवर तसेच आणखी चौकोन. खाली जाताना आकडा कसा बदलतो ते वहीत लिहा, तिथी आणि वेळ टाका. उधाणाला आणि भांगाला असं दोनदा केलंत तर अजून छान तुलना होते. खेकडा पकडायची गरज नाही, मोजायला भोकं पुरतात. भोक रिकामं आहे की आत कोणी आहे हे कसं कळणार असा प्रश्न मुलं विचारतात, तर भोवती ताज्या गोळ्या असतील तर आत मालक आहे.

१९. आमच्याकडच्या गोळ्या मोठ्या आणि ओबडधोबड आहेत, काही तर लांबट वळकट्या आहेत. दुसरा खेकडा का?

तीन शक्यता. खायच्या गोळ्या लहान, एकसारख्या आणि नक्षीत पसरलेल्या असतात (प्रश्न ४). त्याच भोकाच्या तोंडाशी दोन-चार मोठी ढेकळं असतील तर ती बीळ खणताना काढलेली वाळू, खेकडा तोच. भोक मोठं, कोरड्या वाळूत आणि एका बाजूला वाळूचा ढीग फेकलेला असेल तर घोस्ट क्रॅब (प्रश्न १०). आणि लांबट वळकट्यांची गुंतवळ असेल तर तो खेकडाच नाही, वाळूत राहणारा किडा आहे, आणि ती मात्र खरोखर त्याच्या पोटातून आलेली वाळू असते.

२०. तिसऱ्या उकडल्या तर एका शिंपल्यात छोटासा मऊ खेकडा निघाला. तोच हा आहे का? फेकून द्यायच्या का तिसऱ्या?

तो हा नाही. तो शिंपल्याच्या आतच राहणारा, वाटाण्याएवढा, इंग्रजीत पी क्रॅब म्हणतात. शिंपला पाणी गाळून जे खाणं गोळा करतो त्यातलं हा आतल्या आत पळवतो. आत सापडते ती बहुतेक मादी, कवच मऊ कारण तिला बाहेरच्या जगाशी लढायचं नसतं. कालवांत नि काकईतही निघतो. तिसऱ्या खराब झाल्याची ती खूण नाही, ताज्या असतील आणि नीट उकडल्या असतील तर खा. फक्त घरात कोणाला खेकड्या-कोळंबीची ॲलर्जी असेल आणि तो माणूस तिसऱ्या मात्र खात असेल, तर त्याच्या ताटात बघून वाढा.

२१. मे महिन्यात पुळणीवर काळे चिकट गोळे होते, मुलीच्या पायाला लागले, जातच नाहीत. हे पण खेकड्यांचे?

खेकड्याचा काही संबंध नाही. ते डांबरगोळे, समुद्रात सांडलेल्या तेलाचे. पावसाळ्याच्या तोंडाला वारं किनाऱ्याकडे वळतं आणि ते वाहत येतात, आपल्याकडे आणि गोव्यालाही. साबणाने घासत बसू नका. आधी खोबरेल तेल चोळून पाच मिनिटं ठेवा, कापसाने पुसा, मग साबण. रॉकेलने जातं पण लहान मुलांच्या कातडीला नको. आणि चपला गाडीत ठेवायच्या आधी तळवे बघा, सीटला लागलं तर निघता निघत नाही.